मुसळ, उसनवारी आणि बंद दार : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं एकाच ठिकाणी अडली आहेत. वचन पाठ आहे, मनाला पटलेलंही आहे. पण उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कळत नाही. आमचा अनुभव असा की येशूने बहुतेक वेळा हेही सांगून ठेवलेलं आहे. आधी काय, मग काय, कुणासमोर आणि कुणासमोर नाही. आपण आज्ञा लक्षात ठेवतो आणि तिचा क्रम विसरतो. म्हणून खालच्या उत्तरांत अध्याय-ओवी दिली आहे. शुभवर्तमान शेजारी उघडं ठेवूनच वाचा.

प्रश्न : चुलत भावाने उसने पैसे नेले. मुदत कधीच उलटून गेली, तो विषयही काढत नाही. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. सत्तर वेळा सात क्षमा करायची असेल, तर पैसे मागणंच चूक आहे का?

मागणं चूक नाही. क्षमेची ती ओवी मत्तय 18:22 मध्ये आहे, आणि तिच्या थोडं आधी, 15 ते 17 या ओव्यांत, अपराध करणाऱ्या भावाशी कसं वागायचं ते पायऱ्यापायऱ्यांनी दिलं आहे. दोन्ही एकाच अध्यायात, एकाच बोलण्याच्या ओघात येतात. पहिली पायरी अशी : तू आणि तो एकटे असताना त्याचा अपराध त्याला दाखव. तुमच्या पत्रात सगळी अडचण इथेच आहे. ‘घरात सगळ्यांना ठाऊक आहे’ असं तुम्ही लिहिता, पण त्याच्याशी एकट्याने बोलल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. तो विषय का काढत नाही, याचं एक कारण हेही असू शकतं. ज्याची लाज आधीच चारचौघांत गेली, तो कबूल करायला पुढे येत नाही. तो टाळतो किंवा उलटून बोलतो. म्हणून आधी ज्यांच्याजवळ हे बोललात, त्यांना सांगा की आता हा विषय मी त्याच्याशीच बोलणार आहे, तुम्ही मध्ये काढू नका.

मग तयारी. मत्तय 7:5 प्रमाणे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याआधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघायचं आहे. व्यवहारात याचा अर्थ कागदावर दोन गोष्टी लिहून पाहणं. पैसे देताना परतफेडीची तारीख स्पष्ट ठरली होती का? आणि मधल्या काळात तुम्ही टोमणे मारले का? जे तुमच्या बाजूचं असेल, ते भेटीत तुम्हीच पहिल्यांदा बोलून टाका. त्यानंतर मुद्दा तीनच वाक्यांत मांडा : किती पैसे कधी दिले, त्यामुळे माझी काय अडचण झाली, आता मला काय हवं आहे. जुन्या इतर तक्रारी यात आणू नका. एका भेटीत एकच अपराध. ही भेट फोनवरच्या संदेशातून उरकू नका, लग्नकार्याच्या गर्दीत नको, आणि दोघांपैकी कुणी भुकेलेला किंवा चिडलेला असताना तर नकोच. तुमचं बोलून झालं की गप्प बसा आणि त्याचं पूर्ण ऐका. नोकरी गेली, आजारपण निघालं, असं काही तुम्हाला माहीतच नसेल.

तो ऐकत नसेल तर दुसरी पायरी : आणखी एकदोघांना बरोबर न्यायचं. ही साक्षीदारांची पद्धत अनुवाद 19:15 मधून आलेली आहे. इथे हटकून होणारी चूक म्हणजे आपल्या बाजूची माणसं नेणं. त्यालाही मान्य असतील अशीच माणसं निवडा, आणि ती तुमची वकिली करायला नव्हे, दोघांचं ऐकायला आलेली असावीत. त्यांनाही तो जुमानत नसेल आणि तो मंडळीतला, म्हणजे आपल्या चर्चमधला, असेल, तर तिसरी पायरी मंडळीची. शेवटी, तो कुणाचंच ऐकत नसेल तर त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदारासारखा, म्हणजे बाहेरचा समज, असं म्हटलं आहे. पण येशू जकातदारांच्या पंगतीला बसत होता, हे विसरू नका. व्यवहाराचा विश्वास काढून घ्यायचा, माणुसकी नाही. त्याच्या मुलांशी बोलणं बंद करणं या ओवीत बसत नाही.

आता क्षमा. त्याच अध्यायाच्या शेवटी निर्दय चाकराचा दृष्टांत आहे : राजा एका चाकराचं मोठं देणं सोडतो, आणि तोच चाकर लहानशा येण्यासाठी सोबतीच्या चाकराचा गळा धरतो. त्यातले आकडे मुद्दाम वाचण्यासारखे आहेत. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तय 20:2 मध्ये तसा स्पष्ट उल्लेख आहे. एक तालांत साधारण 6,000 दीनारांचा. राजाने सोडलं ते देणं 10,000 तालांत, म्हणजे सुमारे 6 कोटी दीनार. सोबतीच्या चाकराकडून येणं होतं 100 दीनार. पहिलं देणं दुसऱ्याच्या जवळजवळ सहा लाख पट आहे, आणि दृष्टांताचा सगळा जोर या तफावतीवर आहे. पण 100 दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तीही काही थोडीथोडकी नव्हे. तुमचं नुकसान क्षुल्लक आहे असं शुभवर्तमान म्हणत नाही. शिवाय तो सोबतीचा चाकर मागतो काय? मुदत. आणि त्याला नाकारली जाते तीही मुदतच. तेव्हा तुमच्या हातात सगळं सोडून देणं आणि गळा धरणं एवढे दोनच मार्ग नाहीत. ठरावीक हप्ते, लिहून ठेवलेली तारीख, पहिला हप्ता लहान, हेही दयेचं काम आहे.

देणं माफ करायचं ठरवलंत, तर ते तोंडाने, स्पष्ट शब्दांत, एकदाच सांगा आणि पुन्हा कधीही उकरून काढू नका. ‘राहू दे, बघू पुढे’ ही माफी नाही. त्यातून तुम्हीही मोकळे होत नाही आणि तोही नाही. पुढच्या वेळी कुणी उसने मागितले तर लूक 6:35 आधी आठवा : परत मिळण्याची आशा न धरता द्या. जेवढी रक्कम गेली तरी नातं तुटणार नाही, तेवढीच द्या. मागितलेली सगळी रक्कम द्यायलाच हवी, असं तिथे म्हटलेलं नाही. आणि क्षमा केली म्हणून त्याच माणसाला पुन्हा तेवढीच रक्कम दिली पाहिजे, असंही नाही.

प्रश्न : माझ्याकडूनच एका सहकाऱ्याचं नुकसान झालं. माझी चूक त्याच्या माथी गेली. प्रार्थनेत देवाची क्षमा मागितली आहे. आता त्याच्याकडे जाणं गरजेचं आहे का?

आहे. मत्तय 5:23-24 मध्ये क्रम अगदी सरळ दिला आहे : वेदीजवळ अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. तुम्ही हा क्रम उलटा केलात. देवासमोर हलकं वाटलं म्हणून सहकाऱ्याचं नुकसान भरून निघत नाही.

चांगल्या माफीत चार गोष्टी असतात. काय केलं ते नाव घेऊन सांगणं. त्याचं काय बिघडलं ते आपल्या तोंडाने मान्य करणं. भरपाई. आणि क्षमेची सक्ती न करणं. बिघडतं ते बहुधा ‘पण’ या शब्दाशी : ‘माझं चुकलं, पण तेव्हा कामाचा ताण होता.’ तसंच ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ या वाक्यात चूक त्याच्या वाटण्याची होते, तुमच्या करण्याची राहत नाही.

भरपाईबद्दल पवित्र शास्त्र नेमकं बोलतं. लेवीय 6:5 मध्ये फसवून घेतलेली वस्तू पूर्ण परत करायची आणि वर तिचा पाचवा हिस्सा घालायचा असा नियम आहे. जक्कय नावाचा जकातदार त्याच्याही पुढे गेला : निम्मं धन गरिबांना, आणि ज्याला नाडलं त्याला चौपट (लूक 19:8). तुमच्या बाबतीत नुकसान नावाचं आहे, तेव्हा भरपाईही नावाचीच हवी. ज्या वरिष्ठांसमोर ते त्याच्या माथी गेलं, त्याच वरिष्ठांसमोर, शक्य तर लेखी, ते आपल्यावर घ्या. एकट्यात त्याची माफी मागायची आणि कार्यालयात जैसे थे ठेवायचं, ही अर्धी माफी. याची झळ तुम्हाला बसू शकते, हे गृहीत धरूनच जा.

प्रश्न : नवरा हात उचलतो. ‘दुसरा गाल पुढे कर’ असं वचन आहे, सहन कर, प्रार्थना कर, असं मला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं. मी काय करू?

ताई, आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी जा. बाकी सगळं त्यानंतर.

मत्तय 5:39 मध्ये सूड घेऊ नको असं सांगितलं आहे. मार खात त्याच घरात राहा, असं तिथे नाही. हे वचन ज्याने सांगितलं तो स्वतः कसा वागला ते पाहा. महायाजकासमोर शिपायाने चपराक मारली, तेव्हा येशूने उलट हात उचलला नाही, पण गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असं त्याने तोंडावर विचारलं (योहान 18:22-23). नासरेथकरांनी कड्यावरून लोटायला नेलं, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक 4:29-30). मंदिरात लोकांनी दगड उचलले, तेव्हा तो लपून बाहेर पडला (योहान 8:59). शिष्यांनाही एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा असंच सांगितलं (मत्तय 10:23). योसेफाने बाळाला घेऊन रातोरात मिसर गाठलं, ते देवाच्या सांगण्यावरून. पळून जीव वाचवणं हा अविश्वास नव्हे.

वरच्या प्रश्नातली ‘एकट्याने जाऊन बोल’ ही पायरी इथे लागू होत नाही. मारणाऱ्यासमोर बंद खोलीत एकटीने बसू नका. समेटाची बैठक कुणी ठरवली तर तीही नाकारा.

करायच्या गोष्टी : ओळखपत्रं, मुलांचे दाखले, बँकेची कागदपत्रं आणि थोडे रोख पैसे अशा माणसाकडे ठेवा, ज्याच्याकडून ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर जाणार नाही. प्रत्येक दुखापत डॉक्टरांना दाखवा, कशी झाली ते खरं सांगा आणि त्याची नोंद करून घ्या. तारखा लिहून ठेवा, पण घरात नाही. फोन तो तपासत असेल तर मदत शोधायला दुसऱ्याचा फोन वापरा. निघायच्या वेळी आणि त्यानंतरचे काही दिवस धोका वाढू शकतो, म्हणून ‘मी जाणार आहे’ असं आधी सांगू नका. जीवाला धोका वाटला तर पोलिसांना बोलवा. त्याने नवऱ्याचा विश्वासघात होत नाही. ‘सहन कर’ म्हणणाऱ्यांना तुमचा नवा पत्ता देऊ नका, मंडळीत पद कितीही मोठं असो.

तुम्ही त्याला कधी क्षमा करायची, हा प्रश्न आज तुमच्यापुढे नाही. ती पुढे कधी केलीत, तरी दुरून करता येते. तिच्यासाठी त्या घरात परत जावं लागत नाही. आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांना आमचं कळकळीचं सांगणं : लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याबद्दल मत्तय 18:6 मध्ये जे म्हटलं आहे, ते वाचूनच असा सल्ला द्यायला बसा. घरात हे सगळं पाहणारी मुलं आहेत.

प्रश्न : ‘उद्याची चिंता करू नका’ असं असताना बचत करणं, विमा उतरवणं हा अविश्वास ठरतो का?

नाही. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही, असं येशूच विचारतो (लूक 14:28). हिशेब आणि चिंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब एका बैठकीत संपतो. चिंता तोच आकडा रात्रीतून दहा वेळा मोजते आणि तो बदलत नाही.

लूक 12 मधल्या श्रीमंताच्या दृष्टांताने अनेकजण बचतीला घाबरतात. तो पुन्हा वाचा. धान्य साठवणं एवढ्यावरच त्याला मूर्ख म्हटलेलं नाही. तो बोलतो तो फक्त स्वतःशी, आणि प्रत्येक वाक्यात माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. त्याच्या सगळ्या बेतात दुसरं माणूसच नाही. तेव्हा तुमच्या बचतीला हा प्रश्न लावा : यातून कुणाचं काय भागणार आहे? मुलांचं शिक्षण, म्हातारपणी कुणावर भार न होणं, अडलेल्याला देता येणं, अशी उत्तरं असतील तर निश्चिंत मनाने साठवा. ‘अजून थोडं’ एवढंच उत्तर येत असेल तर थांबा.

रोजच्या काळजीसाठी एक साधी पद्धत. कागदाचे दोन भाग करा. डावीकडे आज आपल्या हातून होण्यासारखं काम, उजवीकडे आपल्या हातात नसलेलं. डावीकडचं एक काम आजच करा. मत्तय 6:34 म्हणतं की ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे. उजवीकडची यादी प्रार्थनेत एकेक नाव घेऊन वाचा आणि कागद मिटा. यादीत तीच ओळ रोज येत राहिली तर हरकत नाही. मात्र झोप उडाली, भूक गेली, छातीत धडधड सुरू झाली आणि हे दोनतीन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांकडे जा. वैद्याची गरज आजाऱ्यांना असते, हे येशूचं बोलणं (मत्तय 9:12) या आजारालाही लागू पडतं.

प्रश्न : प्रार्थनेला बसले की मन भरकटतं. शब्द सापडत नाहीत, आणि वेळही नसतो.

थोडीच करा, पण ठरलेल्या वेळी करा. पुष्कळ बोलल्याने ऐकलं जातं असं समजू नका, असं मत्तय 6:7 सांगतं, आणि त्यानंतर येते ती प्रभूची प्रार्थना. सावकाश म्हटली तरी एक मिनिट पुरतं. तिचाच साचा वापरा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ यानंतर मागणी एकेक घ्या : त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, रोजची भाकर, अपराधांची क्षमा, परीक्षा आणि वाईटापासून सुटका. सहा दिवसांना सहा. त्या दिवशी तेवढी एकच मागणी आपल्या घरातल्या, कामातल्या गोष्टींची नावं घालून मागा. भाकरीच्या दिवशी पगार, भाडं, औषध ही नावं येऊ द्या. क्षमेच्या दिवशी माणसाचं नाव येऊ द्या. तो दिवस बहुधा सगळ्यांत अवघड जातो. सातव्या दिवशी पूर्ण प्रार्थना म्हणा.

दहा मिनिटं पुरेत. दार बंद, फोन दुसऱ्या खोलीत (मत्तय 6:6 मध्ये फोन नाही, पण दार आहे). घर लहान असेल आणि दार लावणं शक्य नसेल, तर घर जागं होण्याआधीची वेळ धरा. मार्क 1:35 मध्ये येशूही पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला. मन भरकटलं की ज्याकडे गेलं तो शब्द जवळच्या कागदावर टिपा आणि परत या. ‘गॅसचं बिल’ लिहून ठेवलं की ते पुन्हा मध्ये येत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं करून भरपाई करू नका. तसं करणारे बहुतेक आठवड्याभरात सोडून देतात.

प्रश्न : उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये म्हणतात. मग आमच्या मंडळीत दानाचा हिशेब फलकावर लावावा की नाही?

लावावा. गुप्तता देणाऱ्याच्या नावाची, पैशाची नव्हे. मत्तय 6:2 मध्ये कर्णा वाजवून देणाऱ्याला नको म्हटलं आहे, त्यामुळे कुणी किती दिलं याची यादी लावू नका. एकूण जमा, एकूण खर्च आणि शिल्लक मात्र सगळ्यांना दिसू द्या. येशू आणि त्याच्या बारा शिष्यांचीसुद्धा पैशाची एक थैली होती, ती यहूदाकडे असे आणि तीत टाकलेलं तो काढून घेत असे, असं योहान 12:6 स्पष्ट सांगतं. येशूच्या सोबत्यांत हे घडलं, तर आपल्याकडे घडणारच नाही असं धरून चालू नये. दानपेटी नात्यात नसलेल्या दोघांनी एकत्र उघडावी, तिथेच मोजावी, दोघांनी सही करावी आणि शक्य तितक्या लवकर बँकेत भरावी. यात कुणावर संशय नाही; उलट मोजणाऱ्यांवर पुढे आळ येत नाही. पौलानेही मदतनिधी पोहोचवताना माणसांसमोरही सगळं चोख दिसावं अशी काळजी घेतली (2 करिंथ 8:20-21).

प्रश्न : साहेब जागेवर असताना ‘ते नाहीत’ असं फोनवर सांगायला लावतात. नोकरी सोडावी का?

एवढ्यासाठी नको. ‘ते आत्ता बोलू शकत नाहीत, निरोप घेऊ का?’ हे खरं आहे आणि साहेबांचं कामही होतं. साहेबांना एकदा शांतपणे सांगून ठेवा की मी असं सांगत जाईन; मत्तय 5:37 मधलं होय ते होय आणि नाही ते नाही तुमच्या नोकरीत एवढ्यापासून सुरू होतं. खोटी बिलं किंवा खोट्या सह्या मागितल्या तर मात्र नकार द्या, आणि तो लेखी असू द्या. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांना जकातनाका सोडायला सांगितलं नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हटलं (लूक 3:13). तसं राहून काम करणं अशक्यच झालं, तर दुसरी नोकरी शोधायला लागा, आणि ती मिळेपर्यंतही खोटी सही करू नका.

प्रश्न : एका नातेवाइकाला वर्षानुवर्षं मदत करतो आहोत. आता आमचंच घर दमलं आहे. थांबलो तर पाप लागेल का?

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक 10:34-35) कामांच्या यादीसारखी वाचून पाहा. वाटेत जखमी पडलेल्या माणसाच्या जखमा तेल आणि द्राक्षारस ओतून बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दीनार उतारशाळेच्या मालकाला दिले, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, आणि पुढे गेला. त्याने आपला प्रवास रद्द केला नाही. त्याने काम दुसऱ्यावर सोपवलं, पैसे मोजून दिले, आणि परत येण्याचं वचन दिलं.

तुम्हीही तेच करा. इतर नातेवाइकांना एकत्र बोलवा, कामं वाटून घ्या : औषधं एकाकडे, दवाखान्याच्या फेऱ्या दुसऱ्याकडे, ठरावीक रक्कम तिसऱ्याकडून. तुमचा वाटा किती, ते आकड्यात सांगा. ‘जमेल तसं करू’ म्हणालात तर सगळं पुन्हा तुमच्याकडेच येईल. तो नातेवाईक स्वतः काय करू शकतो, हेही त्याला विचारा. आणि तुमची मदत नक्की कशाला लागते ते एकदा तपासा. दारूला किंवा जुगाराला जात असेल तर रोख देणं आजच थांबवा आणि त्याऐवजी व्यसनमुक्तीच्या उपचाराचा खर्च द्या, तोही थेट उपचार करणाऱ्यांना.

प्रश्न : मधुमेह आहे. उपवासकाळात पूर्ण उपवास करावा का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. मत्तय 6:16-18 मध्ये उपवास किती तासांचा हे नाहीच. तो लोकांना दिसू नये, एवढीच अट आहे. एखादी आवडती गोष्ट सोडा, तिचे वाचलेले पैसे वेगळे काढा आणि कुणाला न सांगता गरजूला द्या. गोळ्या वेळेवर घ्या.